तेलाच्या डब्याचा पत्रा

२०२३ च्या पेसाहला दिमोनाहून माझी मावसबहीण आमच्याकडे वेरिबीला महिनाभर राहायला आली होती. आल्या दिवशी तिला घर दाखवले, बाग दाखवली, लिंबाचे झाड दाखवले आणि शेवटी घरामागच्या शेडचे दार उघडून आमची गाडी दाखवली. गाडी त्या वेळी चार लोखंडी घोड्यांवर उभी होती. चाके नव्हती, सीट नव्हत्या, दारे काढून भिंतीला टेकवून ठेवलेली, आणि खालचा पत्रा जागोजागी कापलेला. बहीण दारातच थांबली आणि म्हणाली, "अगं, भंगारवाला यायचाय का?"

मी म्हटले, "नाही. ही दुरुस्त होते आहे."

"कोण करतंय? भावोजी?"

"हे कशाला करतील? ह्यांना टायर आणि ट्यूब ह्यांतला फरक अजून कळत नाही. मी करते."

तिने माझ्याकडे असे पाहिले की जणू माझे वय तिला त्या क्षणी कळले. मग म्हणाली, "एखादी मर्सिडीज असती, जॅग्वार असती तर मी समजले असते. ही तर चारचौघांची गाडी. आमच्याकडे सुसिता होती, ती मोडली तेव्हा आम्ही वळूनसुद्धा पाहिलं नाही."

सुसिता म्हणजे हैफाच्या ऑटोकार्स कंपनीची जुनी गाडी. इस्राएलमधल्या वाचकांना ती चांगली आठवत असेल. तिचे अंग फायबरग्लासचे होते, आणि उभ्या केलेल्या सुसितेचे मडगार्ड उंट खाऊन जातात, असा विनोद सगळ्या देशात झाला होता. मी बहिणीला म्हटले, "तुमच्या त्या सुसितेलाही आता लोक शोधून शोधून नवी करतात." तिला ते खरे वाटले नाही. "पण का?" असे मात्र तिने विचारले, आणि त्या दिवशी मला धड उत्तर देता आले नाही. हातात रेती कागद असताना माणसाला असल्या प्रश्नांची उत्तरे सुचत नाहीत. आता गाडी रस्त्यावर आली आहे, तर उत्तर लिहून पाठवते. तिच्या घरी हा अंक जातो.

आमची गाडी म्हणजे १९७३ सालची होल्डन किंग्सवुड, एचक्यू मॉडेल. होल्डन ही ऑस्ट्रेलियाची आपली म्हणावी अशी पहिली गाडी. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी मेलबर्नच्या फिशरमन्स बेंड येथे पंतप्रधान बेन चिफली ह्यांच्या हस्ते पहिली होल्डन लोकांपुढे आली. तेव्हा तिची किंमत ७३३ पौंड होती. पुढे एचक्यू मॉडेल निघाले ते १९७१ ते १९७४ ह्या काळात, आणि त्याच्या ४,८५,६५० गाड्या बनल्या. होल्डनच्या दुसऱ्या कुठल्याही मॉडेलच्या इतक्या बनल्या नाहीत. म्हणजे आमच्या गाडीत दुर्मीळ असे काहीही नाही. शाळामास्तर, पोस्टमन, शेतकरी, नर्स, सगळ्यांच्या दारात तीच. 'किंग्सवुड कंट्री' नावाची एक विनोदी मालिका १९८० ते १९८४ ह्या काळात इथल्या टेलिव्हिजनवर चालायची. तिच्यातला घरमालक टेड बुलपिट आपल्या किंग्सवुडला घरातल्या कोणालाही हात लावू देत नसे, आणि इटालियन जावयाला घालूनपाडून बोलत असे. आम्ही ह्या देशात आलो त्या वर्षी ती संपली. तिचे जुने भाग मी रात्रपाळीहून आल्यावर पाहायची. पुष्कळसे इंग्रजी विनोद कळायचे नाहीत, पण गाडीवरची माया कळायची, आणि जावयाला बसणारे टोमणेही कळायचे.

१९८५ मध्ये आम्ही ही गाडी घेतली ती बारा वर्षांची असताना. माझ्याबरोबर पाळी करणाऱ्या एका सिस्टरच्या नवऱ्याची होती. वेरिबी तेव्हा लहान गाव होते. एका बाजूला कोबी-फ्लॉवरचे मळे, दुसऱ्या बाजूला मेलबर्न शहराचे सांडपाणी घेणारे मोठे फार्म, आणि पलीकडे यू यांग्सचे डोंगर. आपले कोणी जवळ नव्हते. सिनेगॉग सगळी शहराच्या पूर्वेला, कॉलफिल्ड आणि सेंट किल्डाच्या बाजूला, चाळीस किलोमीटरवर. सणाच्या आदल्या दिवशी वेस्ट गेट पूल ओलांडून नातेवाइकांकडे जायचे, गाडी त्यांच्या दारात उभी ठेवायची आणि सण सुटला की परत यायचे. माझी लेक जन्मली तेव्हा मी ह्याच गाडीतून इस्पितळात गेले आणि ह्याच गाडीतून तिला घरी आणले. ह्याच गाडीच्या मागच्या सीटवर तांदळाची पोती आली, शेजाऱ्याने दिलेल्या कोबीच्या टोपल्या आल्या, आणि एकदा शीटसकट एक कोंबडाही आला. त्याची हकीगत पुन्हा कधीतरी.

आता पपांविषयी सांगायला हवे, कारण पपांना वगळून ह्या गाडीची गोष्ट होत नाही.

माझे पपा कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्समध्ये फिटर होते. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेली ही कंपनी. तिथे इटलीच्या फियाटच्या गाड्या बनत. पहिल्यावहिल्या फियाट ११०० ची पुढची दारे उलटी उघडत. मुंबईत तिला डुक्कर फियाट म्हणायचे. पुढे साधी दारे आली, सत्तरच्या दशकात तिचेच नाव प्रीमिअर पद्मिनी झाले, आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती साऱ्या जगाला ठाऊक झाली. पपा दारे बसवण्याच्या खात्यात होते. दार बसवून झाले की ते बंद करून त्याचा आवाज ऐकायचे. "धप्प" झाले पाहिजे, "खळ्ळ" झाले की पुन्हा बिजागरी सैल करायची. ते थट्टेने म्हणत, "आपला मोठा सण दारफळणीचा, आणि आपली रोजीही दारांचीच."

तीस वर्षे त्यांनी दुसऱ्यांच्या गाड्यांची दारे बसवली, पण स्वतःची गाडी त्यांच्याकडे कधी आली नाही. त्या काळी फियाटची नोंदणी करून वर्षानुवर्षे थांबावे लागे, आणि थांबण्यासाठीही आधी पैसे भरावे लागत. आमच्या ठाण्याच्या दोन खोल्यांत तो विषय निघतच नसे. त्यांची एकच इच्छा होती. अलिबागजवळच्या खंडाळ्याला, एलियाहू हन्नाबीच्या टाप्यावर, एकदा आपल्या गाडीने जायचे. तिथल्या खडकावर हन्नाबीच्या घोड्यांच्या टापांच्या आणि रथाच्या चाकांच्या खुणा आहेत, हे आपल्या लोकांना सांगायला नको. आम्ही दर वेळी भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला आणि तिथून एस.टी.ने जायचो. पपा त्या खडकाजवळ वाकून चाकाची खूण बोटाने मोजत आणि म्हणत, "केवढा भार असेल रथाला! पण गंज काही लागला नाही."

१९८९ मध्ये आई गेल्यानंतरच्या वर्षी पपा आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आले. विमानतळावर त्यांनी आमची किंग्सवुड पाहिली, आणि आत बसल्याबरोबर त्यांचे डोळे चमकले. पुढची सीट सलग, तिघे बसतील अशी. गिअर खाली नाही, स्टेअरिंगच्या दांड्याला. "अगं बाय, ही तर आपली फियाटच! फक्त मोठी झालीय." घरी पोचेपर्यंत ते दर गिअरला मान हलवत होते.

दुसऱ्या दिवसापासून ते गाडीच्या मागे लागले. मी रात्रपाळी करून झोपायची, हे कामावर जायचे, आणि पपा अंगणात गाडीखाली. आमच्या रस्त्यावर एक इटालियन कुटुंब होते, वेरिबी साउथला त्यांचा भाजीचा मळा होता. त्या म्हाताऱ्याला इंग्रजी जेमतेम, पपांना इंग्रजी बरे पण ऑस्ट्रेलियन उच्चार कळायचे नाहीत. दोघांची मैत्री एका शब्दावर झाली. पपांनी आपल्या छातीवर हात ठेवून म्हटले, "बॉम्बे. फियाट. मिलेचेंतो." अकराशेला इटालियन भाषेत मिलेचेंतो म्हणतात, आणि कुर्ल्यातल्या जुन्या कामगारांना तो शब्द पाठ होता. म्हाताऱ्याने पपांना मिठीच मारली. त्याच्या गावी त्याच्या भावाकडे मिलेचेंतो होती. त्यानंतर रोज दहा वाजता दोघे अंगणात असायचे. दोन भाषा, आणि मध्ये एक उघडे बॉनेट.

एक दिवस पपांनी मला उठवून बाहेर नेले. ड्रायव्हरच्या पायाखालची चटई त्यांनी काढली होती. खाली पत्रा खाल्लेला, त्यातून जमीन दिसत होती. दाराखालचा जो लांब भाग असतो, ज्याला इथे सिल म्हणतात आणि पपा गाडीचा उंबरठा म्हणायचे, तोही त्यांनी बोटाने दाबून दाखवला. करकर वाजला. ते म्हणाले, "बाय, हा गंज आतून आलाय. कापून काढला पाहिजे आणि नवा पत्रा लावला पाहिजे. पत्रा आणि वेल्डिंगचं बघतेस का?"

मी म्हटले, "पपा, उगाच खर्च कशाला? घराचे हप्ते आहेत. चालतेय ना."

ते काही बोलले नाहीत. त्या इटालियन शेजाऱ्याने ऑलिव्ह तेलाचा एक रिकामा डबा दिला, चार लिटरचा. पपांनी तो कापून सपाट केला, गंजलेला भाग कात्रीने पार निरोगी पत्र्यापर्यंत कापला, आणि डब्याचा पत्रा लहान लहान रिव्हेटनी असा बसवला की बोट फिरवले तर कडा लागू नये. खालून डांबर लावले. मला दाखवताना खूश होते. "आपण शनिवार तेली. तेलाचा डबा आपल्याला बरा सापडला!" डब्यावर टोपली घेतलेल्या बाईचे रंगीत चित्र होते, ते नेमके वरच्या बाजूला आले होते.

चारच दिवसांनी मी आमच्या इस्पितळातल्या एका वरिष्ठ बाईंना घरी सोडायला गेले. त्यांची पर्स पायाशी पडली, उचलताना चटई सरकली, आणि त्यांना ते चित्र दिसले. त्या हसल्या. वाईट हेतूने हसल्या नसतील, पण मी त्या खात्यात एकटीच हिंदुस्थानी होते आणि मला ते हसू घरापर्यंत पुरले. घरी येऊन मी पपांना म्हटले, "इथे असलं काही चालत नाही, पपा. हे काही कुर्ला नाही. लोक हसतात आम्हाला."

"बरं, बाय," एवढेच ते म्हणाले.

त्यानंतर ते गाडीकडे गेले नाहीत. शेजारी हाक मारायचा, पपा हात हलवून आत यायचे. मी ती गाडी एका वर्कशॉपमध्ये नेली, ज्या खर्चाला पपांना नाही म्हटले होते त्याच्या कितीतरी पट खर्च केला, आणि गाडी नव्यासारखी चकचकीत होऊन आली. पपांनी ती व्हरांड्यातून पाहिली. उंबरठ्यावर टिचकी मारून पाहावी असे त्यांच्या मनात आले असावे, कारण हात पुढे आला होता. पण मारली नाही. दोन महिन्यांनी ते परत गेले. आधी त्यांच्या प्रत्येक पत्रात "गाडी कशी आहे?" असा प्रश्न असे. नंतरच्या पत्रांत तो नसे. १९९६ मध्ये ते ठाण्याला वारले. मी शिवाला पोचू शकले नाही.

गाडी १९९८ पर्यंत चालली. मग नवी जपानी गाडी आली आणि किंग्सवुड शेडमध्ये गेली. विकू विकू म्हणत राहून गेली. २००२ पासून शिशाचे पेट्रोल देशभर बंद झाले, तेव्हा तर ती चालवण्याचा विचारही सुटला. कोविडची वर्षे मी वॉर्डात काढली, आणि २०२२ मध्ये निवृत्त झाले. पहिल्या आठवड्यात काय करावे ते सुचेना, म्हणून शेड झाडायला घेतली.

शेजारच्या त्या म्हाताऱ्याचा मुलगा, आता तोही साठीचा, पत्र्याचे काम करणारा. तो सहज आत आला आणि म्हणाला, फ्रिजवरचे एक लोहचुंबक आण. त्याने ते गाडीच्या उंबरठ्याला लावले. चुंबक टपकन खाली पडले. पुढे लावले, पुन्हा पडले. दोन हात अंतरात ते एकदाही चिकटले नाही. तिथे लोखंड नव्हतेच. आपल्याकडचे पेंटर लांबी भरतात, तशी पुट्टी भरली होती. स्क्रूड्रायव्हर लावला तर अख्खी खपली निघाली. आतून ओला तांबडा भुगा आणि चक्क चुरगाळलेले वर्तमानपत्र निघाले. त्यावर पुट्टी, त्यावर रंग.

मी आयुष्यभर बेडसोर पाहिले आहेत. बाहेरून नाण्याएवढी जखम दिसते, आणि आत बोट घातले तर हाताएवढी पोकळी असते. वरून मलमपट्टी करून कातडी जुळवली तर आतला पू आतच वाढतो. नव्या नर्सना मी हेच शिकवीत असे की मेलेला भाग कापल्याशिवाय जखम भरत नाही, आणि कुठपर्यंत कापायचे ते रक्त दाखवते. पत्र्यात रक्ताच्या जागी चकाकी असते. पांढरे चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापायचे. उंबरठा ही बंद पेटी असते, तिला पाणी वाहून जायला खालून भोके ठेवलेली असतात. ती मातीने बुजली की पाणी आत साठते, आणि गंज आतून बाहेर येतो. वेरिबीला तर खाडीवरचा खारा वारा आहेच. बाहेर फोड दिसतो तेव्हा आतले काम उरकलेले असते.

मग ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा फाडला. वर्कशॉपवाल्यांनी फरशीचेही पैसे लावले होते, पण तिथे त्यांनी फक्त गालिचा चिकटवला होता. खाली पपांचा पत्रा जसाच्या तसा होता. टोपलीवाल्या बाईचा रंग थोडा उडाला होता, एका कडेला टाचणीएवढी दोन भोके पडली होती, बाकी एक रिव्हेट हलला नव्हता. तेहतीस वर्षे.

मी शेडमध्ये बादली उलटी करून तिच्यावर किती वेळ बसले ते आठवत नाही. ह्यांनी चहा आणून दिला आणि काही न विचारता परत गेले. त्या दिवशी मी ठरवले की ही गाडी मीच उभी करणार.

शिकायला अडीच वर्षे लागली. शेजाऱ्याच्या मुलाने वेल्डिंग केले, पण बाकीचे मला करू दिले. पातळ पत्र्यावर सलग वेल्डिंग केले तर तो उष्णतेने वाकतो, म्हणून इथे एक ठिपका, तिथे एक ठिपका, मध्ये थंड होऊ द्यायचे. टाके घालताना आम्ही ताण वाटून घेतो, तसेच. आतून जस्ताचा प्रायमर, पेटीत मेण. इंजिन ३.३ लिटरचे, सहा सिलिंडरचे. त्याला तांबडा रंग असतो म्हणून इथले लोक त्याला नुसते 'लाल' म्हणतात. शिशाशिवायचे पेट्रोल चालावे म्हणून व्हॉल्व्हच्या बैठका कठीण धातूच्या करून घेतल्या. एक गोष्ट मात्र नर्स म्हणून सांगते, जुन्या गाडीला हात घालणाऱ्या प्रत्येकाने ऐकावी. जुन्या ब्रेकच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ऑस्ट्रेलियात त्यावर पूर्ण बंदी आली ती ३१ डिसेंबर २००३ पासून. ड्रममधली काळी धूळ तोंडाने फुंकू नका, हवेच्या नळीनेही उडवू नका. पपा ती फुंकत असत, कारखान्यातले सगळेच फुंकत असत. फुप्फुसाच्या त्या आजाराचे रोगी मी शेवटपर्यंत पाहिले आहेत.

ह्या काळात अशाच इतर वेड्यांच्या ओळखी झाल्या. महिन्यातून एका रविवारी आम्ही समुद्राजवळ जमतो. अल्टोनाच्या टोयोटा कारखान्यात जन्म घालवलेला एक गृहस्थ आपली जुनी कोरोना घेऊन येतो. तो कारखाना ३ ऑक्टोबर २०१७ रोजी बंद झाला. फोर्डचे ब्रॉडमेडोज आणि जिलाँगचे कारखाने त्याच्या आदल्या वर्षी बंद झाले होते, आणि २० ऑक्टोबर २०१७ ला एलिझाबेथचा होल्डनचा कारखाना बंद होऊन ह्या देशात गाड्या बनणेच थांबले. पुढे २०२० मध्ये होल्डन हे नावही गेले. एक व्हिएतनामी बाई डॅटसन १२०वाय आणतात. त्यांची आई घरी कपडे शिवायची आणि वडील ह्याच गाडीतून गठ्ठे पोचवायचे. मागच्या सीटच्या फटीत अजून सुया सापडतात, असे त्या सांगतात. ह्या माणसांत बसले की एक गोष्ट लक्षात येते. श्रीमंती गाड्यांच्या मेळाव्यात वेग विचारतात, किंमत विचारतात. इथे पहिला प्रश्न असतो, "कोणाची होती?" मोठ्या माणसांच्या वस्तू संग्रहालयात जातात. ज्या गाडीने पोरे शाळेत पोचवली आणि आजारी माणसे इस्पितळात पोचवली, तिला घरच्यांनी नाही राखले तर कोण राखणार? लाखांनी बनल्या, म्हणूनच कोणी ठेवल्या नाहीत. काहीजण अशा गाडीत दांडगे व्ही-८ इंजिन घालून रस्ता हादरवतात. त्यांचा पैसा, त्यांची हौस. मला ते म्हातारीला नाचाचा पोशाख घातल्यासारखे वाटते.

त्याच वर्षी, ३० ऑक्टोबर २०२३ पासून, मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी गेली. शेवटची टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदलेली होती आणि वीस वर्षांची मुदत भरली. गाडीचे उत्पादन तर त्याआधीच थांबले होते. लेकीने मला फोनवर फोटो दाखवला. मी दार मोठे करून पाहिले. बिजागरीच्या जागी अर्थात काही दिसत नव्हते.

आता पपांच्या पत्र्याचे काय करायचे, हा प्रश्न होता. आमच्या मंडळींत दोन मते पडली. कोणी म्हणाले, तो कारखान्याचा नाही, काढ. कोणी म्हणाले, तोच तर खरा, ठेव. पण इथे गाडी रस्त्यावर आणायची तर तपासणीचा दाखला लागतो, आणि पायाखालच्या फरशीला तेलाच्या डब्याचा पत्रा रिव्हेट केलेला चालत नाही. खरे म्हणजे चालूही नये. अपघात विभागात काम केलेल्या बाईने ह्यावर वाद घालणे बरे नव्हे. १९७० साली ह्या एका व्हिक्टोरिया राज्यात रस्त्यांवर १०६१ माणसे मेली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात जगात सर्वांत आधी इथे सीट बेल्टची सक्ती झाली. गाडीवर माया असावी, पण तिच्यावर आंधळा भरवसा नसावा. हिच्यात एअरबॅग नाही. नातवंडांना घेऊन मी तिला मोठ्या हायवेवर नेत नाही.

तेव्हा पत्रा काढायचा असे मीच ठरवले, आणि मीच काढला. ड्रिलने एकेक रिव्हेट उडवला. चौतीस होते. पत्रा उचलल्यावर शेजाऱ्याच्या मुलाने खाली पाहिले, बोट फिरवले आणि शीळ घातली. पपांनी कापलेली कड सरळ होती, आणि तिच्या पलीकडे गंज गेला नव्हता. तो म्हणाला, "ज्याने कापलं त्याला काम येत होतं. चुकीचं फक्त लोखंड होतं."

लोखंड चुकीचे का होते ते मी त्याला सांगितले नाही. मग थोड्या वेळाने सांगितले. तो म्हणाला, "माझ्या बापाने मला कधी सांगितलं नाही की तुझे वडील यायचे का थांबले. तो त्यांची वाट पाहायचा." आम्ही दोघेही मग कामाला लागलो.

२०२५ च्या सुरुवातीला दाखला मिळाला. पंचवीस वर्षांवरील गाड्यांना इथे क्लबमार्फत परवाना मिळतो, वर्षाला ४५ किंवा ९० दिवसांचा, आणि प्रत्येक दिवशी निघण्यापूर्वी वहीत तारीख लिहावी लागते. पहिली तारीख लिहिण्याआधी मी मलिदा केला. पोहे, नारळ, साखर, फळे, गुलाब. हे सिद्दूर घेऊन बसले. आपले सात-आठजण कॉलफिल्डहून आले होते. टोयोटावाला, डॅटसनवाल्या बाई आणि शेजाऱ्याचा मुलगा टोप्या घालून मागे उभे राहिले. एलियाहू हन्नाबीच्या रथाची गोष्ट मी त्यांना इंग्रजीत सांगितली, तेव्हा टोयोटावाल्याने अगदी गंभीरपणे विचारले, "चाकांची रुंदी किती आहे?" मी म्हटले, माझ्या वडिलांनी मोजली होती, बोटाने.

डब्याचा तो पत्रा मी चौकटीत घालून भिंतीवर लावलेला नाही. लेक तसे सुचवत होती. मी त्याच्या चारी कडा दुमडून तबक केले आहे, आणि शेडमधल्या फळीवर त्यात नट-बोल्ट ठेवते. पपांनी तसेच केले असते. फेकले नसते आणि मिरवलेही नसते.

मलिद्यानंतर आम्ही दोघे डंकन्स रोडने वेरिबी साउथला समुद्रापर्यंत गेलो. दोन्ही बाजूंना कोबीचे मळे, तीस-चाळीसचा वेग. ह्यांनी वाटेत एकदाच विचारले, "गिअर बदलताना हा आवाज येतो तो बरोबर आहे ना?" मी म्हटले, बरोबर आहे. धक्क्याजवळ उतरलो. ह्यांनी दार लावले तर "खळ्ळ" झाले. पुन्हा उघडून लावले, तरी तेच. वरच्या बिजागरीची पिन झिजली आहे, ती मागवली आहे.